खेळण्यांचं गाव झायफेन : खाणीतून लेथकडे आलेल्या एका डोंगरी गावाची गोष्ट



परिसर अभ्यासात 'व्यवसाय' हा घटक आला की आपण मुलांना शेतकरी, कुंभार, सुतार, लोहार यांची माहिती देतो. 'जसा परिसर तसा व्यवसाय' हे वाक्य मुलं पाठही करतात. पण परिसरातली मुख्य वस्तूच संपली तर गाव काय करतं? लोक गाव सोडतात की दुसरा व्यवसाय शोधतात? पुस्तकात हा प्रश्न सहसा येत नाही. तो मुलांसमोर मांडायला जर्मनीतल्या झायफेन या छोट्याशा डोंगरी गावाची गोष्ट फार उपयोगी पडते. शिवाय गोष्ट खेळण्यांची आहे, त्यामुळे मुलं कान टवकारून ऐकतात. त्या खेळण्यांच्या मागे एक कडू भागही आहे. तो गाळून गोष्ट सांगू नये असं मला वाटतं. का, ते पुढे येईलच.

गाव कुठं आहे?

जर्मनीच्या पूर्व भागात सॅक्सनी नावाचं राज्य आहे. त्याच्या दक्षिण टोकाला, चेक प्रजासत्ताकाच्या सीमेवर एर्झगेबिर्गे ही डोंगररांग पसरलेली आहे. 'एर्झ' म्हणजे धातूचं खनिज आणि 'गेबिर्गे' म्हणजे डोंगररांग. म्हणजे नावातच सांगून टाकलंय, हे खनिजांचे डोंगर. चांदी, कथील, कोबाल्ट आणि नंतरच्या काळात युरेनियमसुद्धा इथून निघालं. सीमेच्या दोन्ही बाजूंचा हा खाणप्रदेश २०१९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

याच डोंगरांत, समुद्रसपाटीपासून साधारण साडेसहाशे मीटर उंचीवर, झायफेन वसलेलं आहे. वस्ती दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम खेड्याएवढी. भोवती स्प्रूसची जंगलं. हिवाळा लांबलचक आणि बर्फाचा. जमीन थंड आणि खडकाळ, त्यामुळे नुसत्या शेतीवर घर चालणं कठीण. हे तीन मुद्दे, म्हणजे जंगल, लांब हिवाळा आणि कमी पिकणारी जमीन, फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. पुढची सगळी गोष्ट यांच्यावरच उभी आहे.

नावातच इतिहास

गावाचा पहिला लेखी उल्लेख १३२४ सालचा आहे आणि तो 'सिनझिफेन' अशा नावाने येतो. 'झिन' म्हणजे कथील. 'झायफेन' म्हणजे ओढ्यातली माती-वाळू पाण्यात धुऊन धातूचे कण वेगळे करणं. आपल्या आज्या तांदूळ रोळायच्या ते आठवा. रोळीत पाणी घालून हलकेच हलवलं की तांदूळ पाण्याबरोबर पुढे जातो आणि जड खडा तळाशी राहतो. झायफेनच्या ओढ्यावर हेच चालायचं, फक्त इथे हवा असायचा तो तळाशी राहणारा जड भाग! कथलाचं खनिज वाळूपेक्षा बरंच जड असतं, म्हणून ते खाली बसतं.

ओढ्यातलं कथील कमी झाल्यावर लोक डोंगर फोडून आत शिरले. खाणी झाल्या. कथील म्हणजे काय हे आजच्या मुलांना सांगावं लागतं, कारण तांब्या-पितळेच्या भांड्यांना कल्हई करणारे कल्हईवाले आता दिसत नाहीत. तीच ही कल्हईची धातू. तांब्यात मिसळली की कासं तयार होतं. त्या काळी युरोपात जेवणाच्या थाळ्या आणि पेलेही कथलाचे असत, त्यामुळे मागणी चांगली होती.

पण खाणीला अंत असतो. आत जावं तितका खर्च वाढतो आणि हाती लागणारं खनिज कमी होतं. शिवाय परदेशातून स्वस्त कथील येऊ लागलं की दरही पडतो. झायफेनची खाण अशीच हळूहळू थकत गेली आणि १८४९ मध्ये खाणकाम थांबलं.

गाव उठून का गेलं नाही?

इथे थांबून मुलांना विचारा, "तुम्ही त्या गावात असता तर काय केलं असतं?" बहुतेक मुलं म्हणतात, शहरात गेलो असतो. मग सांगा, झायफेनच्या लोकांकडे तोपर्यंत दुसरं एक काम तयार होतं. खाण बंद होण्याच्या कितीतरी आधीपासून ते लाकूड कातत होते.

लाकूड कातणं म्हणजे लाकडाचा तुकडा गरागरा फिरवायचा आणि त्याला धारदार पटाशी लावून गोल आकार द्यायचा. हे काम करणाऱ्याला आपल्याकडे कातारी म्हणतात. पाळण्याचे गोल खांब, पोळपाट-लाटणं, भोवरा ही सगळी कातारकामं. खाणीतली मिळकत बेभरवशाची होती, म्हणून खाणकामगार जोडधंदा म्हणून लाकडी ताटल्या, वाट्या, बटणं, सुया ठेवायच्या डब्या असा माल बनवत. लाकूड शेजारच्या जंगलातलं. आणि लेथ फिरवायला ओढ्याचं पाणी! खाणीच्या कामात पाणचक्क्या आधीपासून वापरात होत्याच. तेच तंत्र लेथ फिरवायला लागलं. १७६० च्या सुमाराचं असं पाण्यावर चालणारं एक कातारघर गावच्या खुल्या संग्रहालयात आजही बघायला मिळतं.

म्हणजे खाण गेली, पण खाणीने शिकवलेलं तंत्र गेलं नाही. मला या गोष्टीतला हा सर्वांत मोठा धडा वाटतो. लोकांनी हातातलं कौशल्य नव्या वस्तूकडे वळवलं. वाट्या-बटणांकडून ते खेळण्यांकडे सरकले आणि एकोणिसाव्या शतकात खेळणी हाच गावाचा मुख्य धंदा झाला.

एका कड्यातून साठ घोडे

आता गोष्टीतला सगळ्यात गमतीचा भाग. झायफेनच्या कातारींनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक अफलातून पद्धत काढली. जर्मनमध्ये तिला 'राइफेनड्रेहेन' म्हणतात. 'राइफेन' म्हणजे कडं आणि 'ड्रेहेन' म्हणजे फिरवणं, कातणं.

समजा, तुम्हाला साठ लाकडी घोडे करायचे आहेत. एकेक कोरत बसलात तर दिवसच्या दिवस जातील. झायफेनचा कातारी काय करतो? स्प्रूसच्या ओल्या ओंडक्याची जाड चकती घेतो आणि लेथवर चढवतो. मग एका बाजूने पोट आणि पायांमधली पोकळी कातून काढतो. चकती उलटवून दुसऱ्या बाजूने पाठ, मान, डोकं. शेवटी त्याच्या हातात राहतं एक लाकडी कडं. बघणाऱ्याला वाटतं, कुठल्यातरी यंत्राचा भाग असावा. घोडा कुठे दिसतच नाही!

मग तो सुरी आणि हातोडी घेऊन कडं उभं चिरतो आणि चिरलेल्या जागी घोड्याची आकृती दिसते. पुन्हा चिरलं की एक घोडा सुटा होतो. केक कापावा तशा चिरफळ्या पडत जातात, एका कड्यातून पन्नास-साठ. प्रत्येक फोड बाहेरच्या बाजूला जाड आणि आतल्या बाजूला जरा निमुळती. मग चाकूने कडा गोल करायच्या, कान-शेपूट चिकटवायची, रंग द्यायचा.

यातली खरी कमाल लक्षात घ्या. कातताना कातारीला घोडा दिसत नसतो. कुठे किती खोल जायचं हे त्याच्या हाताला माहीत असतं. मान जरा जास्त कातली गेली तर साठच्या साठ घोडे बिघडणार, आणि ते कळणार कडं चिरल्यावर! लाकडाचे तंतू उभे राहतील अशी चकती घेतात, म्हणून लाकूड सरळ चिरतं आणि घोड्याचे बारीक पायही सहज मोडत नाहीत. ही कला येणारे कारागीर आज मोजकेच उरले आहेत.

असे हत्ती, उंट, सिंह, गायी, मेंढ्या हजारोंनी तयार व्हायचे. सर्वांत जास्त मागणी होती 'नोहाच्या नावे'ला. बायबलच्या कथेत महापूर येतो तेव्हा नोहा प्रत्येक प्राण्याची जोडी नावेत घेतो. लाकडी नाव आणि तिच्यात प्राण्यांच्या जोड्या असा तो संच. इंग्लंडमधल्या अनेक धार्मिक घरांत रविवारी खेळायला मनाई असे, पण ही नाव बायबलमधली म्हणून चालायची. अशा रीतीने सॅक्सनीच्या डोंगरातले हत्ती-उंट इंग्लंडच्या दिवाणखान्यात पोचले.

खेळणी करणारी मुलं

आता कडू भाग.

झायफेनची खेळणी कारखान्यात होत नव्हती, घरात होत होती. जेवायची, झोपायची आणि कामाची खोली एकच. वडील कातायचे, आई आणि मुलं चाकूने कडा काढायची, कान चिकटवायची, रंग द्यायची. लहान बोटांना बारीक काम चांगलं जमतं, असं तेव्हा म्हटलं जायचं. आपण शिक्षकांनी हे वाक्य ऐकलं की सावध व्हायला हवं. बालमजुरीच्या समर्थनात जगभर हेच वाक्य वापरलं गेलंय.

माल थेट बाजारात जात नव्हता. मधे व्यापारी असायचे. तेच ऑर्डर द्यायचे आणि भावही तेच ठरवायचे. साठ नगांच्या गठ्ठ्याला 'शॉक' म्हणत आणि असे गठ्ठे मोजून माल जायचा. दर इतका कमी की घरातल्या सगळ्यांनी राबल्याशिवाय पोट भरत नसे. भाव पडला की जास्त नग करायचे. सगळ्यांनीच जास्त नग केले की भाव आणखी पडायचा. हे चक्र पाचवीच्या मुलांनाही समजतं, सांगून बघा.

सॅक्सनीत १८३५ च्या कायद्याने मुलांसाठी आठ वर्षांचं शिक्षण सक्तीचं झालं होतं. म्हणजे मुलं शाळेच्या पटावर होती. पण शाळेआधी काम आणि शाळेनंतर काम. नाताळच्या आधीच्या महिन्यांत तर घाई विचारूच नका. जगातल्या मुलांच्या हातात खेळणी देण्यासाठी झायफेनच्या मुलांचा खेळायचा वेळ जात होता. हे वाक्य मी वर्गात हळू म्हणते. मुलं एकदम शांत होतात.

मग कायदा काय करत होता? जर्मनीत मुलांच्या कामावरचे आधीचे नियम मुख्यतः कारखान्यांसाठी होते. घरात आईबापांच्या हाताखाली चाललेलं काम त्यांच्या नजरेत येत नव्हतं. १९०३ मध्ये झालेला आणि १ जानेवारी १९०४ पासून लागू झालेला कायदा पहिल्यांदा घराच्या उंबऱ्याच्या आत गेला. धंद्याच्या कामात स्वतःच्या मुलांनाही दहा वर्षांच्या आत जुंपायचं नाही, असं त्यात आलं. सवलती होत्या, पळवाटाही होत्या. पण 'आमचं मूल, आमचं घर, तुम्ही कोण विचारणार?' या प्रश्नाला कायद्याने पहिल्यांदा उत्तर दिलं.

हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. भारतात २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला बंदी आहे, पण शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, धोकादायक नसलेल्या घरच्या व्यवसायात मुलाने मदत केलेली चालते. आता मदत कुठे संपते आणि मजुरी कुठे सुरू होते? कागदावर ही रेघ ओढणं अवघड आहे. वर्गात मात्र ती दिसते. सकाळी दहा वाजता पेंगणारं मूल दिसतं. ठरावीक महिन्यांत घसरणारी हजेरी दिसते. घरकामात हातभार लावणारं मूल आणि घर चालवणारं मूल यांतला फरक शिक्षकाइतका लवकर कुणाला कळत नाही. झायफेनची गोष्ट सांगून झाल्यावर मुलांना आपापल्या घरच्या कामाबद्दल बोलू द्या. प्रश्न विचारून खोदू नका, फक्त ऐका. बरंच काही कळतं.

खिडकीतला उजेड

कष्टाच्या गावाला सण फार प्रिय असतो. हिवाळ्यात खाणकामगार उजाडायच्या आधी खाणीत उतरायचे आणि वर यायचे तेव्हा अंधार पडलेला असायचा. दिवसच्या दिवस सूर्य दिसत नसे. म्हणून या डोंगरांत उजेडाचं मोल मोठं. नाताळच्या दिवसांत घरोघर खिडकीत मेणबत्त्या धरलेल्या लाकडी बाहुल्या ठेवायची पद्धत पडली. मुलासाठी खाणकामगाराची आणि मुलीसाठी देवदूताची. रस्त्यावरून जाताना खिडकी बघितली की त्या घरात किती मुलगे, किती मुली हे कळायचं!

कमानीसारखा दिव्यांचा स्टँडही या भागाची खूण. त्याला 'श्विबबोगेन' म्हणतात. माहितीतली सर्वांत जुनी धातूची कमान १७४० सालची, याच डोंगररांगेतल्या योहानगेओर्गनश्टाट गावची आहे. झायफेनच्या लाकडी कमानींवर बऱ्याचदा गावचं अष्टकोनी चर्च आणि त्यापुढे गाणारी शाळकरी मुलं दिसतात. हे चर्च १७७६ ते १७७९ या काळात बांधलं. लहान असलं तरी त्याच्यावर ड्रेसडेनच्या प्रसिद्ध फ्राउएनकिर्शे चर्चची छाप आहे.

आणखी एक वस्तू म्हणजे 'पिरॅमिड'. हा खालून वर निमुळता होत जाणारा लाकडी मनोरा. खाली मेणबत्त्या आणि वर पंख्यासारखी पाती. मेणबत्ती पेटवली की तापलेली हवा वर जाते, पाती फिरतात आणि त्यांच्याबरोबर आतल्या बाहुल्याही गोल फिरतात. ना चावी, ना सेल!

अक्रोड फोडणारा राजा

झायफेनची जगभर पोचलेली ओळख म्हणजे 'नटक्रॅकर', अक्रोड फोडणारा लाकडी बाहुला. मागचा दांडा वर केला की तोंड उघडतं. दातांत अक्रोड ठेवायचा आणि दांडा दाबायचा, की कटकन फुटलाच. लाकडी नटक्रॅकर याआधीही होते. पण लेथवर कातलेल्या भागांचा, राजाच्या वेशातला जो बाहुला आज सगळे ओळखतात, तो १८७० च्या सुमारास झायफेनच्या विल्हेल्म फ्युख्टनर या कारागिराने घडवला असं मानलं जातं. त्यांच्या वंशजांनी हे काम पुढे चालू ठेवलं.

या बाहुल्यांचे चेहरे बघा. राजा, पोलीस, सैनिक, वनरक्षक, सगळे अधिकारी! आणि सगळे रागावलेले, दात विचकणारे. ज्यांच्यापुढे गरीब कारागिराला मान खाली घालावी लागे, त्यांनाच त्याने अक्रोड फोडायच्या कामाला लावलं. आपल्याकडे सोंगांतून पाटील-सावकाराची जशी थट्टा व्हायची, तसलाच हा प्रकार. शब्द एकही नाही, पण टोमणा बरोबर लागतो.

पुढे काय झालं?

१९१४ मध्ये पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि इंग्लंडसारखी मोठी गिऱ्हाइकं एका झटक्यात तुटली. दुसऱ्या महायुद्धानंतर हा भाग पूर्व जर्मनीत गेला. १९५३ मध्ये गावात खेळण्यांचं संग्रहालय उघडलं आणि १९७३ मध्ये जुनी घरं आणि कातारघर दाखवणारं खुलं संग्रहालय. १९७२ मध्ये सरकारने देशातले उरलेसुरले खासगी कारखाने ताब्यात घेतले, त्याची झळ या भागातल्या खेळण्यांच्या धंद्यालाही बसली. बराच माल परकीय चलनासाठी परदेशी जायचा, त्यामुळे आपल्याच देशातला माल दुकानात मिळणं तिथल्या लोकांना अवघड व्हायचं. १९९० मध्ये जर्मनी एक झाल्यावर धंदे पुन्हा खासगी झाले आणि लगेच समोर उभी राहिली परदेशातून येणारी स्वस्त नक्कल.

आज झायफेन टिकून आहे ते हाताच्या कामावर आणि पर्यटकांवर. नाताळच्या आधीच्या आठवड्यांत गाव माणसांनी फुलून जातं. लाकडी खेळणी घडवणं हा जर्मनीत प्रशिक्षण घेऊन शिकायचा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे आणि झायफेनमध्ये त्याचं शिक्षण मिळतं. एकेकाळी मूल लेथजवळ यायचं ते पोटासाठी. आज तरुण येतात ते शाळा पूर्ण करून, स्वतः निवडून. मधल्या सव्वाशे वर्षांत झालेला हा बदल मला सगळ्या नटक्रॅकरांपेक्षा मोठा वाटतो.

वर्गात काय घेता येईल?

१. कणकेचा घोडा : घट्ट कणकेचं किंवा शाडूचं जाड कडं करा. वरून आणि खालून बोटाने खोबणी पाडा आणि सुरीने आडवे काप घ्या. प्रत्येक कापाचा आकार सारखा का येतो, हे मुलांना सांगू द्या.

२. गणित : पूर्ण वर्तुळ ३६० अंशांचं. कड्याचे ६० भाग केले तर प्रत्येक भाग किती अंशांचा? (६ अंश.) ४५ किंवा ४० भाग केले तर? डझन आणि 'शॉक' यांचं नातं काय? (५ डझन म्हणजे १ शॉक.)

३. विज्ञान : कागदाची गोल चकती सर्पिलाकार कापून दोऱ्याला टांगा. खाली बऱ्याच अंतरावर पणती ठेवा. कागद फिरतो का बघा. हा प्रयोग मोठ्या माणसानेच करून दाखवायचा, मुलांच्या हाती द्यायचा नाही.

४. भाषा : 'मी झायफेनमधला लाकडी घोडा बोलतोय' हे आत्मवृत्त. घोडा ज्या हातांनी रंगवला, त्या हातांबद्दल चार ओळी हव्यातच, अशी अट घाला.

५. परिसर अभ्यास : आपल्या गावात पूर्वी असलेला आणि आता नसलेला एक व्यवसाय शोधा. ते काम करणारे लोक पुढे कशाकडे वळले, हे आजी-आजोबांना विचारून लिहा.

पालकांना एक विनंती. पुढच्या वेळी जत्रेत किंवा दुकानात लाकडी खेळणं घ्याल, तेव्हा मुलाला हातात धरून नीट बघू द्या. हे कशाचं आहे, कसं कातलं असेल, कुणी रंगवलं असेल, एवढे तीन प्रश्न विचारा. खेळण्यामागचा माणूस दिसायला लागला की मूल ते खेळणं सहजासहजी फेकून देत नाही. उपक्रम करून बघितलेत तर मुलांनी काय काय सांगितलं, ते मला नक्की कळवा.